मुद्दे तीनच ठेवा

सौरभ विहार सोसायटीत काहीही खोडायचं असलं की ते दशरथ साळव्यांकडे येई. येरवड्याच्या पुढच्या त्या बावन्न फ्लॅटच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. महसूल खात्यात तेहतीस वर्षं काढलेली; त्यामुळे खोडणं म्हणजे पट्टी लावून, लाल पेनने, एकच सरळ रेघ आणि शेजारी सही. गिरबटून ठेवणाऱ्या माणसाला ते अर्धवट समजत.

महापालिकेच्या निवडणुकीला तीन आठवडे उरले तेव्हा पियुषशेठ या उमेदवाराचा कार्यकर्ता विश्वजीत दारात आला. चाळिशीचा गडी, पांढरा शर्ट, हातात छापील फॉर्म. वर पियुषशेठचं नाव, त्याखाली 'तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे तीन मुद्दे' आणि खाली तीन रिकाम्या ओळी.

"जय भीम, काका," तो म्हणाला. समोरच्या फ्लॅटमध्ये त्याने आत्ताच 'राम राम' केलं होतं आणि वरच्या मजल्यावर 'गुड मॉर्निंग'. मतदार यादी चांगली वाचलेली दिसत होती.

"आमचे मुद्दे अकरा आहेत," दशरथराव म्हणाले.

"अकरा शेठ वाचायचे नाहीत. तीन द्या. मान्य झाले तर सगळ्या सोसायटीचं मत शेठना. तुम्हालाही सोपं, आम्हालाही."

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. पहिल्या तासाभरात सात मुद्दे गेले.

"ओढा कशाला हवाय? वास येतो नुसता."

"फुटपाथवर चालतं कोण?"

"वाचनालय? ते अजून आहे?"

दशरथरावांनी पट्टी लावली, सात रेघा मारल्या, सात सह्या केल्या.

सोमवारी सकाळी ते फिरायला निघाले तेव्हा ओढा नव्हता. पुण्यात ओढा नाहीसा होणं ही काही बातमी नव्हे. त्यांच्या मनात फक्त बिल्डर कोण असेल एवढंच आलं. पण त्या जागी भराव नव्हता, पत्रे नव्हते, डंपरच्या चाकांच्या खुणा नव्हत्या. कमरेएवढं वाळकं गवत होतं आणि मधोमध एक बाभूळ, जिचा बुंधा दोन्ही हातांच्या कवेत मावला नसता. पूलही नव्हता. रस्ता सपाट पुढे गेला होता, जसं काही त्याला आयुष्यात कधी काही ओलांडावंच लागलं नव्हतं.

"ओढा?" वॉचमन म्हणाला. "इथं कधी होता ओढा, साहेब?"

फुटपाथही गेला होता. तो गेलेला त्यांच्या लक्षात यायला मात्र दुपार झाली. मग ते मुद्दाम वाचनालयाकडे गेले. पिठाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान यांच्या मध्ये ते बावीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आता गिरणी आणि शिंपी यांच्यात एकच भिंत होती. दशरथरावांनी तिच्यावरून हात फिरवला. कुठे सांधा नव्हता. चुन्याचे जुने पोपडे मात्र हाताला लागले.

घरी उशाशी ठेवलेलं पुस्तक नव्हतं.

"राधा, माझं पुस्तक पाहिलंस?"

"पुस्तक?" त्यांची बायको कणीक मळता मळता थांबली. "तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?"

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना राधाबाईंची डावी भुवई वर जात असे, आणि ती जागेवर होती.

दशरथरावांनी यादी काढली. सात लाल रेघा. इतर कोणालाच काही आठवत नव्हतं. आठवण फक्त रेघ मारणाऱ्याकडे राहत असावी. सरकारी कामात ऑफिस कॉपी जशी एकाच टेबलावर राहते, तशी.

खाली चार मुद्दे शिल्लक होते. पाणी. रस्ता. पार्किंग. महापालिकेचा दवाखाना.

राधाबाई त्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं नर्स होत्या. तेवढ्यावर भागलं असतं तर दशरथराव म्हणाले असते, नोकरी जाईल, निवृत्तीला एक वर्षच उरलंय, जाऊ दे. पण तरुणपणी त्यांना कुत्रं चावलं होतं, त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि ती चौदाच्या चौदा राधानेच दिली होती. चौथ्याला नाव विचारलं. नवव्याला चहाचं विचारलं. चौदाव्याला लग्नाचं. दवाखाना कधी नसताच, तर कुत्रं चावलं असतं, राधा मात्र भेटली नसती.

पुढच्या रविवारी चाराचे तीन करायचे होते.

"दवाखाना काढा," चेअरमन जयसिंगराव म्हणाले. "आपल्यातलं कोण जातं तिथे? सगळ्यांचा मेडिक्लेम आहे."

"कांताबाई जातात," दशरथराव म्हणाले. कांताबाई अकरा घरची धुणीभांडी करत.

"कांताबाई मेंबर आहेत का सोसायटीच्या?"

"नो ऑफेन्स, काका," दुसऱ्या मजल्यावरची कादंबरी म्हणाली, "पण काकू तिथे आहेत म्हणून तुम्ही थोडे बायस्ड आहात. पार्किंग इज अ डेली इश्यू."

"दवाखाना नसला तर काय होईल, याचा विचार केलाय का तुम्ही?"

"काय होईल?" जयसिंगरावांनी विचारलं. सगळे खरंच उत्तराची वाट पाहत थांबले. याचं उत्तर मिनिटबुकात लिहिण्यासारखं नव्हतं.

एकतीस हात वर गेले. दशरथरावांनी पट्टी लावली. क्षणभर ती पार्किंगवर सरकवावी असं वाटलं. पण मग समोर बसलेली माणसं दिसली. कोणाची ओळख गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात झाली असेल, कोणाचं लग्न त्यातून जमलं असेल, कोणाला पोरं झाली असतील, काही नेम नव्हता. लाल पेन त्यांनी खिशात घातलं.

"घरी नेऊन फेअर कॉपी करतो," ते म्हणाले. त्यांच्या नोकरीतलं हे पहिलं खोटं. तेही निवृत्तीनंतरचं.

चारही मुद्दे लिहिलेला फॉर्म घेऊन ते दुसऱ्या दिवशी पियुषशेठच्या प्रचार कार्यालयात गेले. गाळा भाड्याचा, पंखा जोरात, भिंतीला फॉर्मचे गठ्ठे. विश्वजीत एकटाच होता.

"काका, चार झाले."

"चारही घ्या."

"अहो, ओळी तीनच आहेत. चौथा तुम्ही समासात लिहिलाय." त्याने चहा पुढे केला. "आणि हे बघा, एकशे सहा सोसायट्या. सगळ्यांचे मिळून शेवटी शेठ तीनच मुद्दे ठेवणार. बाकीचे मी आज बसून काटतोय. मुलीची दहावी आहे, लवकर घरी जायचंय." गठ्ठा चाळत तो म्हणाला, "दवाखाना फक्त तुमच्याच फॉर्मवर आहे. एकशे सहात एक."

"एक तर एक."

"काका, लोकांना काय महत्त्वाचं वाटतं ते लोकच ठरवणार ना? आम्ही फक्त मोजतो."

बोलता बोलता त्याने टेबलावरचं पेन उचललं आणि दवाखान्यावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला. दशरथरावांच्या छातीत कुठेतरी, चौदापैकी एक इंजेक्शन पुसट झालं. पाचवं की सहावं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांनी फॉर्म हिसकावला. पट्टी नव्हती. खिशातल्या लाल पेनने हाताला लागली ती पहिली ओळ त्यांनी खोडली. ती सगळ्यात वरची होती, पियुषशेठच्या नावाची.

पंख्याचा आवाज थांबला.

दशरथराव रस्त्यावर उभे होते. समोर बंद शटर. कुलपावर गंजाचा थर इतका, की किल्लीचं भोकही दिसत नव्हतं. हातातल्या कागदावर काहीच छापलेलं नव्हतं. विजेच्या खांबांवर इतर उमेदवारांचे फलक शेजारी शेजारी होते, मध्ये कुठे रिकामी जागा नव्हती.

"काय बघताय, काका?" पलीकडचा चहावाला म्हणाला. "बांधल्यापासून बंदच आहे तो गाळा."

"इथे एक जण होता. त्याची मुलगी दहावीला आहे."

"कोणाची?"

दशरथरावांनी नाव घेतलं असतं, तरी ते ओळखणारं कोणी नव्हतं. त्या एका रेघेबरोबर कोणकोण गेलं, कोणाचं कुठे लग्न जमलं नाही, कोण जन्मलं नाही, याचा पत्ता त्यांना लागणार नव्हता. ते दवाखान्याकडे चालू लागले. थोड्या वेळाने पळू लागले.

दवाखाना होता. बाकावर बायका होत्या, खोकणारी पोरं होती, फिनेलचा वास होता. खिडकीत राधाबाई पांढऱ्या साडीत केसपेपर फाडत होत्या.

"राधा," ते धापा टाकत म्हणाले.

राधाबाईंनी मान वर केली. दशरथरावांनी डाव्या भुवईकडे पाहिलं. ती जागेवर होती.

"नंबर घ्या."

ड्यूटीवर राधाबाई कोणाचीही ओळख ठेवत नसत. मागे सख्ख्या दिराला त्यांनी दीड तास बसवलं होतं. नवऱ्यालाही त्यांनी हेच सांगितलं असतं, अगदी याच आवाजात.

"मी दशरथ."

"नाव आत सांगायचं. नंबर घ्या आणि बसा. मागे लोक उभे आहेत."

नंबर घेऊन ते बाकावर बसले. एक्केचाळीस होता. आतून तेविसावा पुकारला जात होता.