बावीस इंचांचा वारसा

आमचं शेतावरचं दगडी घर कायद्यानं संरक्षित आहे. म्हणजे कायदा घराला सांभाळतो. आत राहणाऱ्यांनी आपापलं बघायचं. भिंती दोन हात जाड, खिडक्या टपालपेटीच्या तोंडाएवढ्या, आणि दर्शनी भिंतीवर एक पितळी पाटी. या पाटीमुळे आम्हाला खिळा ठोकायचा तरी तीन प्रतींत अर्ज करावा लागतो. खिळ्याच्या लांबीसाठी वेगळा रकाना आहे.

सात महिन्यांपूर्वी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांना स्ट्रेचरवर घरात आणलं आणि मग चाकांच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची सव्वीस इंच रुंद. पुढचं दार बावीस. मागच्या दाराला सात उभ्या पायऱ्या. तेव्हापासून बाबा आत आणि जग बाहेर.

"मी आणि शेजारी मिळून उचलून नेतो की रोज," मी म्हटलं.

"मला उचलून एकदाच न्यायचंय," बाबा म्हणाले. "त्याची घाई करू नका. तोवर मी माझा मी जाणार."

म्हणून दार चार इंच रुंद करण्याचा अर्ज केला. पाच महिन्यांनी संवर्धन अधिकारी आले. अंगानं भरलेले, हातात टेप, बगलेत फाइल. दारातून ते आडवे होऊन, पोट आत ओढून शिरले आणि शिरताक्षणी म्हणाले, "हात लावू नका!" मी फक्त दार धरून उभा होतो. माझ्या बायकोनं त्याच दिवशी त्यांचं नाव हातलावूनका ठेवलं.

त्यांनी फाइलमधली नोंद वाचून दाखवली. "'असामान्य अरुंद प्रवेशद्वार, अंदाजे दीडशे वर्षं जुनं. हेतू संरक्षणाचा. शत्रूला एकेकट्यानं, आडवं होऊन आत यावं लागे.'"

"शत्रूचं माहीत नाही," बायको म्हणाली, "पण गॅसवाला तसाच येतो."

"अहो, ते दार मी बांधलंय," बाबा खुर्चीतून म्हणाले.

आणि ते खरं होतं. बाबा जन्मभर गवंडी. चाळीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या शाळेचं सामान विकायला निघालं, त्यात त्यांना एक दार मिळालं. दार जाड, देखणं, एका लाकडाचं. फक्त ते कोठीच्या खोलीचं होतं, बावीस इंची. आमच्या घराचं तोंड चांगलं तीन फुटी. दुसरा कुणी असता तर दार परत केलं असतं. बाबांनी घर बारीक केलं. एका बाजूनं दगड रचत आणले, चुन्यात बसवले आणि दार ठोकून दिलं. वरची पन्हळ तिथेच गळत असल्यामुळे दहा वर्षांत त्या दगडांवर असं शेवाळ चढलं, की बाकीचं घर त्यापुढे कालचं वाटायला लागलं.

अधिकारी बाबांकडे पाहून, वयस्कर माणसांसाठी राखून ठेवलेलं हसू हसले. "आजोबा, नोंद दीडशे वर्षांची आहे."

"नोंद केली कधी?"

"वीस वर्षं झाली."

"आणि मी बांधलं चाळीस वर्षांपूर्वी. तुमच्या आधी."

"नोंदीत तुमचा उल्लेख नाही," अधिकारी म्हणाले. विषय संपला.

पण मी पत्रांवर पत्रं पाठवली, तेव्हा महिन्याभरानं ते एका तज्ज्ञबाईंना घेऊन आले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि दगडांवरून तळहात फिरवला. "बघा, एकही सांधा एकाखाली एक आलेला नाही. आणि हा कोपरा! कोण असेल हा माणूस? त्याच्या हाताला डोळे होते. असे कारागीर गेले ते गेलेच."

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. आता बोलणार! बाबा मान खाली घालून गुडघ्यावरची शाल सारखी करत होते. लाजल्यासारखे. बाई तासभर बोलल्या. बाबा तासभर गप्प.

गाडी गेल्यावर बायको त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"अगं, माझ्या कामाबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं," बाबा म्हणाले. "मध्येच कुठं तोडायचं?"

"म्हणजे आता कौतुक पांघरून आतच बसा!"

बाबांनी दोन दिवस विचार केला. दारापर्यंत खुर्ची आणायचे, बाहेरच्या उन्हाकडे बघायचे आणि मागे वळायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बोलव त्यांना. म्हणावं, खालून तिसऱ्या थरात, मोठ्या दगडामागे बॅटरी मारून बघा."

"काय आहे तिथे?"

"तुझ्या आईची चप्पल. एक दगड कमी पडला होता. आठवडाभर शोधत होती बिचारी. मी कुत्र्यावर ढकललं."

बाईंनी फटीत बॅटरी मारली. आत निळी प्लास्टिकची चप्पल, सात नंबर.

"नंतर कुणीतरी घातली असेल," अधिकारी म्हणाले.

"घाला ना," बाबा म्हणाले. "दगड न हलवता दुसरी घालून दाखवा."

बाई मात्र प्रामाणिक निघाल्या. त्यांनी चष्मा पुसला, बाबांना नमस्कार केला आणि नोंद चुकीची असल्याचं आणि मूळ कारागीर बाबाच असल्याचं लिहून दिलं. पण कार्यालयातलं चुकीचं असं लगेच बरोबर होत नाही. नवी नोंद व्हायला दोन वर्षं. तोवर जुनी लागू. अधिकाऱ्यांनी नियमावली चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. "कलम एकतीस! संरक्षित भागात बदल करायचा असेल तर तो मूळ कारागिराच्या हातून, मूळ पद्धतीनं करता येतो. परवानगी लागत नाही." हे कलम लिहिणाऱ्यानं कारागीर जिवंत असेल अशी कल्पनाही केली नसणार.

"मूळ कारागीर ब्याऐंशी वर्षांचा आहे आणि त्याचा खुबा मोडलाय," मी म्हटलं.

"हातांबद्दल बोला," बाबा म्हणाले. "छिन्नी कुठाय माझी?"

अकरा दिवस चाललं. बाबा दारात खुर्ची लावून बसायचे, सकाळी दोन तास. अधिकारी शेजारी स्टुलावर, प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायला. मी दगडाला हात लावला, की ते ओरडायचे, "तुम्ही मूळ नाही!" दगड उचलून बाजूला ठेवायचं कामही मला मिळालं नाही, बाबा तो पायाशी सोडायचे आणि बायको पायानं सरकवायची. पायाबद्दल नियम नव्हता.

बाबांचा हात जेमतेम छातीच्या वर पोचत होता. तिथे त्यांनी एक लांब चपटा दगड भिंतीत आडवा घुसवला, वरचे थर त्यावर तोलले आणि छिन्नी खाली ठेवली.

"वरचं राहिलं की," अधिकारी म्हणाले.

"राहू दे. चाकं खाली असतात."

दार आता वर बावीस इंच आणि खाली सव्वीसला थोडं जास्त. पाहणाऱ्याला वाटावं, घरानं पाय फाकले आहेत. बाबांनी हात पुसले, चाकांवर ठेवले आणि कुणालाही न विचारता निघाले. डाव्या चाकानं दगडाला जरासं घासलं.

"जपून! संरक्षित आहे!" अधिकारी ओरडले.

"मीही," बाबा म्हणाले आणि बाहेर पडले.

अंगणात ते थांबतील, वळून आपलं काम बघतील असं मला वाटलं होतं. ते थांबले नाहीत. अधिकारी पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही घ्यायला कागद फडकवत पोट आत ओढून बाहेर आले, तोवर बाबा फाटक उघडून रस्त्याला लागले होते.