एका बाहीचा दुसरा खेळाडू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. फोटो काढणारा नव्हे हं! लग्नात मिरवतात ते वेगळे. मी टीव्हीखाली बसून माणसांच्या हालचाली टिपणारा, व्हिडिओ गेमचा कॅमेरा. माझ्यापुढे उभं राहायचं, हात मागे न्यायचा, झोकात पुढे आणायचा, की पडद्यावर चेंडू सुटलाच. हातात बटण नको, काही नको. वय विचाराल तर आमच्यात दहा-बारा वर्षं म्हणजे पणजोबा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला चेहरे कळत नाहीत. मला सांधे दिसतात. डोकं, खांदे, कोपरं, कंबर, गुडघे. तेवढ्यावरून मी माणूस ठरवतो आणि त्याची बाहुली पडद्यावर उभी करतो. यात मला भारी अभिमान होता.

कारखान्यातून निघालो तो वारज्याच्या एका घरात आलो. तिथल्या दोन भावांनी मला डोक्यावर घेतलं. एकाने टेनिस खेळता खेळता ट्यूबलाइट फोडली, दुसऱ्याने धाकट्याच्या नाकावर ठोसा हाणला, तोही खराखुरा. मग त्यांच्या आईने मला कपाटात कोंडलं. चूक पोरांची आणि कैद मला! पण आम्हाला कोण विचारतो? पुढे हडपसरच्या फैझलने मला जुन्या बाजारातून उचललं आणि माझं नशीब पालटलं.

फैझलच्या घरात त्याची बायको सबा, चौथीतली मुलगी जोया आणि आईवडील होते, नूरबानू आणि शमशुद्दीन. शमशुद्दीन शिंपी. शेरवानी शिवावी तर त्यांनीच, असं गाडीतळाकडचे लोक अजून म्हणतात. पण मी आलो तेव्हा त्यांचं दुकान बंद होतं. पक्षाघाताच्या झटक्याने उजवा हात गेला होता. दुकानातली डमी, म्हणजे कपडे चढवायचं ते बिनडोक्याचं लाकडी धड, तेवढी हॉलच्या कोपऱ्यात आणून ठेवली होती. बाहेरून आले की ते आपली टोपी तिच्या मानेवर ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी दोनदा वाटेला लावलं.

"दादा, एकच डाव," असं म्हणत जोयाने त्यांना माझ्यापुढे आणून उभं केलं; आजोबांना ती दादा म्हणायची. पहिल्या दिवशी मला त्यांचा उजवा हात सापडेना. तो कापडासारखा लोंबत होता. शेवटी मी झुकलेल्या खांद्याची, एका हाताची बाहुली उभी केली आणि जोयाने तिला नाव दिलं 'दादा'.

मग काय सांगू! म्हातारा इरेला पेटला. चेंडू टाकून बाटल्यांसारखे खुंटे पाडायचा तो खेळ. रोज तो उजवा हात बोटभर वर यायचा. हरले की म्हणायचे, "हा डाव धरायचा नाही, पंख्याचा वारा लागला." जोयाची पाळी असली तरी मध्ये घुसून चेंडू टाकून मोकळे व्हायचे. पाळी सोडणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. उन्हाळ्यापर्यंत हात खांद्यापाशी आला आणि डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. त्या दिवशी माझी छाती, असती तर, फुगली असती.

खोटं कशाला बोलू, तोटेही होते. खालच्या मजल्यावरचे श्रीनिवासकाका एकदा वर आले. "आपली जमीन म्हणजे आमचं छत आहे, एवढं ध्यानात असू द्या," एवढंच बोलून गेले. जोयाचं खाली खेळायला जाणं सुटलं. मैत्रिणी हाका मारून मारून थकल्या. दादांनीही चौकातल्या दोस्तांकडे पाठ फिरवली. नूरबानू मात्र माझ्यापुढे कधी उभ्या राहिल्या नाहीत. नमाजाच्या वेळी त्या टीव्हीवर आणि माझ्यावर आपली जुनी ओढणी टाकायच्या आणि पुटपुटायच्या, "या डबड्याने सगळ्यांना वेड लावलंय."

हात आला तशी शमशुद्दीननी कात्री धरली. वेगळा राहणारा धाकटा मुलगा आफताब, त्याचं लग्न ठरलं होतं. "याची शेरवानी मी शिवणार. बाजारातली घातलीस तर निकाहाला येणार नाही," त्यांनी बजावलं. डमीवर शेरवानी उभी राहू लागली. डावी बाही लागली. उजवी कापून, टाचून तयार होती. आणि एका सकाळी शमशुद्दीन उठलेच नाहीत.

त्यानंतर ओढणी माझ्यावरून निघालीच नाही. नूरबानू इद्दतीत बसल्या. नवरा गेला की बाई काही महिने घराबाहेर पडत नाही, साधे कपडे, ना कुठे जाणं ना येणं. त्या आतल्या खोलीत असत. हॉलमध्ये डमी तशीच उभी होती, अंगात एका बाहीची शेरवानी, मानेवर टोपी. तिला हात लावायचं धाडस कोणाला झालं नाही.

एका दुपारी जोया शाळेतून आली. आईवडील कामावर गेले होते, दादींचा, म्हणजे नूरबानूंचा, डोळा लागला होता. तिने ओढणी बाजूला केली आणि मला चालू केलं. मी डोळा उघडला, खोली पाहिली. एक लहान मुलगी. आणि तिच्या मागे, कोपऱ्यात, डोकं, खांदे, डावा हात, लोंबणारा. उजवा हात सापडत नव्हता.

मी ओळखलं! पडद्यावर बाहुली उभी राहिली आणि खाली अक्षरं उमटली, 'दादा आले.'

मित्रांनो, मला खरंच ते दिसले. पंख्याच्या वाऱ्याने बाही हलली तशी बाहुलीने हात हलवला. जोया हललीसुद्धा नाही. मग अगदी हळू म्हणाली, "दादा, एकच डाव?"

त्यानंतर ती रोज खेळू लागली. स्वतःची पाळी खेळायची आणि मग दादांच्या पाळीला थांबायची. बाहुली नुसती डुलत राहायची. वेळ संपली की खेळ आपोआप पुढे जायचा. जोया म्हणायची, "हात दुखत असेल ना, राहू द्या." दारं-खिडक्या लावून घ्यायची, म्हणजे कोणी बघायला नको. जेवण अर्ध्यावर टाकायची. पोरगी वाळत चालली होती आणि सबाच्या जिवाला घोर लागला होता. मला मात्र आनंद होता. माझा जुना खेळाडू परत आला होता ना!

मग आफताब आला. "अम्मी, लग्न तोंडावर आलंय. शेरवानी दुसऱ्या शिंप्याकडे देतो, बाही लावून घेतो." त्याने डमीला हात घातला मात्र, जोया किंचाळली. डमीला मिठी मारून उभी राहिली. "नाही न्यायची! दादा जातील!"

सबा रडू लागली. नूरबानू बाहेर आल्या आणि आफताबला म्हणाल्या, "तू जा बाळा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्या नाहीत. जोयाजवळ येऊन म्हणाल्या, "मलाही दाखव."

जोयाने मला चालू केलं. 'दादा आले.' नूरबानूंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. तोच झुकलेला खांदा, तोच एकुलता हात. "अहो," त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच. बाही हलली. त्या मटकन खाली बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता याही रोज येणार.

पण त्या उठल्या. पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "कसा टाकायचा चेंडू?" जोयाने दाखवलं. चेंडू सरळ कडेच्या चरात गेला, एक खुंटा पडेल तर शपथ.

मग दादांची पाळी आली. दोघी थांबल्या. बाहुली डुलत होती. वेळ संपली. खेळ पुढे गेला.

"जोया," नूरबानू म्हणाल्या, "मी इतकी वाईट खेळले. तुझे दादा असते तर गप्प राहिले असते?"

जोयाने पडद्यावरच्या बाहुलीकडे पाहिलं.

"मला चिडवून चिडवून बेजार केलं असतं. आणि आपली पाळी सोडली असती?"

"नाही," जोया म्हणाली. "माझीपण घेतली असती."

"मग बाळा, हे कोण आहे?"

जोयाने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने पडद्याऐवजी कोपऱ्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिकडे गेली. टोपी काढून दादींच्या हातात दिली. दोघींनी मिळून बटणं सोडली आणि शेरवानी उतरवली.

माझ्यापुढचे सांधे एकेक करून विझले. खांदा, कोपर, डोकं. मी शोधलं, पुन्हा शोधलं. आणि मला जे शिकवलंय तेच मी विचारलं, 'दुसरा खेळाडू गेला. खेळ संपवायचा?'

आमच्याकडे 'हो' म्हणायचं तर पडद्यावरच्या त्या अक्षरांवर हात स्थिर धरावा लागतो. भोवती एक गोल भरत जातो, पूर्ण भरला की उत्तर पोचतं. हात हलला की गोल पुसून पहिल्यापासून सुरू. जोयाने हात वर केला. हात थरथरत होता. गोल अर्धा भरायचा आणि पुसला जायचा. पुन्हा अर्धा, पुन्हा पुसलेला. तेव्हा नूरबानू तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचं कोपर आपल्या तळहातावर घेतलं. माझ्या दृष्टीने दोघींचा मिळून एकच हात झाला.

गोल भरला.

उजवी बाही नूरबानूंनीच लावली. टाके जरा वाकडे आले, पण आफताब तीच घालून निकाहाला उभा राहिला. जोया आता संध्याकाळी खाली असते आणि मी रविवारचा तासभर. खेळाडूंच्या नावांत 'दादा' अजून आहे, ते कोणी पुसलेलं नाही. त्यामुळे मला चालू केलं की मी आधी तो झुकलेला खांदा शोधतो. कोपरा रिकामा असतो. तरी शोधतो, मला तसंच बनवलंय.

म्हणून मित्रांनो, आम्हाला घरात जरूर आणा. आजोबांचा हात वर आणायला, आजीला हसवायला आम्ही कमी पडणार नाही. धूळ पुसा, ट्यूबलाइट सांभाळा, तासाभराने बंद करा आणि खाली खेळायला जा. पण गेलेल्या माणसाला परत आणायचं काम आम्हाला सांगू नका. आम्ही नाही म्हणायला शिकलेलो नाही.