अंगठीला लागलेला पारा

“हे सोनं? अहो, ही तर पांढरीफटक पडली! चांगलं फसवलंत की!” अंगठी काउंटरवर आपटत प्रेशरवाला कडाडला.

दवाखान्यांतली रक्तदाब मोजायची जुनी यंत्रं तो दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला प्रेशरवालाच म्हणत. चाळिशी उलटल्यावर लग्न ठरलं होतं, तेही एका नर्सशी. ती म्हणाली होती, “प्लॅटिनमची घेऊ, साधीशी.” पण हा कसला ऐकतोय! “सोनं ते सोनं,” म्हणत हट्टाने सोन्याचीच केली. आणि हौस तरी किती, तिच्या बोटात घालायचा दिवस येईपर्यंत स्वतःच्याच करंगळीत घालून कामावर मिरवत होता.

सोनाराने भिंगातून पाहिलं. “तुम्ही पाऱ्यात हात घालता का हो?”

“पोटच भरतं त्याच्यावर. नळीत भरायचा, सांडला तर तळहातावर गोळा करायचा. का?”

“मग बरोबर. पारा सोन्याला खातो. काळजी नको, तापवली की उडून जाईल. बाहेर उभे राहा जरा, ती वाफ फार वाईट.”

“अहो, आमचे डबेही त्या वाफेतच उघडतात!” प्रेशरवाला हसला.

शेजारी उभी असलेली नर्स हसली नाही. बाहेर येताच तिने त्याचा हात धरला. “हा हात थरथरतो, त्याचं कारण काय सांगितलं होतंत मला?”

“तुला बघून थरथरतो.”

“आणि मी वेडी लाजले!” ती म्हणाली. “कधीपासून होतंय हे?”

त्याला काम शिकवणारे थोरले मिस्त्री डोळ्यांसमोर आले. त्यांचेही हात आधी असेच थरथरायचे; आता बायको त्यांना चमच्याने भरवते, हनुवटी पुसते. ते तिच्यावरच खेकसतात आणि मग रडतात. प्रेशरवाल्याला सगळं ठाऊक होतं. ते आपल्या घरी येणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

“उपचार असतात,” ती म्हणाली. “काम मात्र आजच सोडायचं.”

पेशंटच्या नातेवाइकांशी ती ज्या आवाजात बोलते, तो आवाज त्याने ओळखला.

सोनाराने आत बोलावलं. अंगठी पुन्हा पिवळीधमक झाली होती. “घाला बरं बाईंच्या बोटात. माप बघू.”

तिने हात पुढे केला. अंगठी तिच्या नखावर वाजली, सरकली, पुन्हा वाजली. त्याने दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट आवळून धरलं, तरी तेच. सोनार उगाच भिंग पुसत बसला.

“द्या, मीच घालते,” ती हळूच म्हणाली.

“नको.” त्याला तिच्या हातात तो चमचा दिसत होता. त्याने अंगठी सोनारापुढे ठेवली. “मोडीत घ्या.”

“अहो, आता तर चोख झाली!”

“अंगठी झाली हो.”

तो दाराशी गेला. वळून पाहिलं, तर तिचा हात अजून तसाच पुढे होता.