ओळखीचा धूर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी समोरच्या डोंगरावर धूर दिसला, आणि मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याने तो कळवला नाही. उलट त्याने स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

धूर कुणाचा आहे हे त्याला ठाऊक होतं. दरीपलीकडच्या माथ्यावर दुसरा मनोरा होता, तिथल्या पहारेकरीण बाईंना सगळे मावशी म्हणत. दोघांचं काम एकच: काचेच्या खोलीत बसून जंगलावर नजर ठेवायची आणि धूर दिसला की वायरलेसवरून खालच्या केंद्राला सांगायचं. मात्र दिसेल तो धूर सांगायचा नसतो. चुन्याच्या भट्टीचा, लाकूड कापायच्या गिरणीचा आणि मावशींच्या चुलीचा, हे ओळखीचे धूर. पहिल्या हंगामात त्याने चुन्याची भट्टी पुन्हापुन्हा कळवली होती, आणि केंद्रावरच्या ऑपरेटरने त्यावरून त्याची इतकी टर उडवली होती की तो आजही ते विसरला नव्हता.

मावशींना त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं. दुर्बिणीतून दिसे ती कठड्यावर वाळत घातलेली निळी चादर आणि तिच्याशी झटापट करणारी एक ठेंगणी आकृती. आवाज मात्र रोजचा. हा पोरगा कधी झोपतच नाही असं मावशींचं म्हणणं होतं, म्हणून त्या त्याला घुबड म्हणत.

गेल्या आठवड्यात मावशींकडे गॅसची शेगडी आली होती.

"सुटले बाई एकदाची," त्या वायरलेसवर म्हणाल्या होत्या. "आता फुंकणं नाही, डोळे चोळणं नाही."

"तुमचं झालं हो. पण आमचं काय? दुपारी तुमचा धूर दिसला की वाटायचं, समोर कुणीतरी आहे."

"मग लग्न कर रे घुबडा! समोरच्या म्हातारीच्या धुरावर किती दिवस काढणार आहेस?"

तो हसला होता. पण त्यानंतर चार वाजता समोरचा माथा रिकामा दिसे, आणि चहा उभ्याउभ्या पिऊन होई.

आज मात्र धूर निघाला होता. चुलीच्याच जागेवर, बारीक, पांढरा. "ऐकलंन म्हातारीने," तो मोठ्याने म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. बऱ्याच दिवसांनी खुर्ची ओढून तो पूर्वेकडच्या काचेशी बसला. चहा पुरवून पुरवून प्यायला.

चहा झाला की मावशींनी हाक मारायची, असा रिवाज होता. हाक आली नाही. गंमत करत असतील, म्हणून त्यानेही मारली नाही. म्हटलं, बघू कोण आधी बोलतं.

मग वारा फिरला. धूर मळकट तपकिरी झाला आणि बुडाशी रुंद होत मनोऱ्याच्या डावीकडे सरकला. चूल सरकत नाही. हातातला कप त्याने कुठे ठेवला ते त्याला कळलं नाही.

"मावशी, घुबड बोलतोय. मावशी?"

नुसती खरखर.

खोलीच्या मधोमध दिशाचक्र होतं. त्याची पट्टी धुरावर रोखून त्याने अंश वाचले आणि केंद्राला हाक दिली. प्रत्येक निरोप खात्रीसाठी पुन्हा म्हणून दाखवायचा, असा ऑपरेटरला नियम होता. त्यामुळे सगळे त्याला पोपट म्हणत.

पोपटने अंश म्हणून दाखवले. "लांब किती?"

"माझ्याकडे एकच रेघ आहे. आग त्या रेघेवर कुठेही असेल. दुसरी रेघ मावशींनी द्यायची, दोन्ही जिथे कापतील तिथे आग. मावशी उत्तर देत नाहीत."

"मावशी उत्तर देत नाहीत," पोपट सवयीने म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "पहिल्यांदा कधी दिसला?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. कुणी विचारायला येणार नव्हतं. पण आत्ताची आग असेल तर ती विझवणारी माणसं समोरच्या चढाने सरळ वर जातात. जुनी असेल तर तोवर तो चढ पेटलेला असतो, आणि डोंगराला वळसा घालून मागून जावं लागतं.

"चार-दहाला," तो म्हणाला.

"चार-दहाला. अरे, पाच वाजत आले!"

"हो."

"मग झोपला होतास का?"

"नाही. पाहत होतो. ओळखीचा वाटला."

हे वाक्य पोपटने पुन्हा म्हटलं नाही. थोड्या वेळाने त्याने गाडीला मागच्या रस्त्याने जायला सांगितलेलं ऐकू आलं.

मनोरा सोडायची त्याला परवानगी नव्हती. सोडला असता तरी दरी उतरण्यातच दिवस गेला असता. तो धुराचे अंश देत राहिला. मधल्या वेळात मावशींना हाका मारत राहिला. कधी म्हणे, "मावशी, रुसलात का?" कधी नुसतंच, "मावशी."

मागच्या बाजूने माणसं माथ्यावर पोहोचली तेव्हा सूर्य कलला होता. त्यांचं बोलणं त्याला तुटक ऐकू येत होतं. मनोरा शाबूत होता. दार उघडं होतं. चुलीत निखारे होते, वर भांडं होतं, त्यातलं पाणी आटून गेलं होतं. आग चुलीतून लागली की खालून आली, हे सांगता येत नव्हतं.

"बाईंचा हातातला वायरलेस इथे नाही," एक जण म्हणाला. "बरोबर घेऊन गेल्या असतील."

"कुठे जातात त्या?" पोपटने विचारलं. "घुबडा, तुला माहीत आहे?"

"पाण्याला. झऱ्यावर. मनोऱ्याच्या डावीकडे, खाली. तिथून आवाज पोहोचत नाही."

"डावीकडे, खाली," पोपट म्हणाला.

माणसं त्या वाटेला लागली. अंधार पडायच्या आधी आलेल्या शेवटच्या निरोपानुसार झऱ्याच्या अलीकडचं रान जळून विझलं होतं, पलीकडचं अजून पेटलं नव्हतं, आणि धुरामुळे झरा दिसत नव्हता.