अकरा बोंडं

मेघा मॅडमनी पेढ्यांचा पुडा पुढं केला, तरी मुंजाबाचा हात उचलेना.

पडेगावाकडच्या एका कॉलेजच्या बागेत तो सतरा वर्षं माळी. त्याआधी मेंढरं वळायचा. एरवी असा थापाडा, की त्याच्या गोष्टीतली मेंढी एका उडीत दौलताबादचा किल्ला चढे आणि उतरताना सोबत दोन कोकरं आणी. आज मात्र तोंडाला कुलूप.

कॉलेजात संशोधन करणाऱ्या मॅडमनी निवडुंगाच्या चाळीस कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. माशी आत जायला नको. फूल आपल्याच परागावर फळ धरतं का, ते बघायचं होतं. तीन उन्हाळे काहीच धरलं नाही. यंदा अकरा पिशव्यांत बोंडं फुगली. झाड एकटं पुरेसं आहे, असं मॅडमनी प्रबंधात लिहूनही टाकलं.

"मामा, तुमच्या राखणीचं फळ आहे हे."

मुंजाबाची मान खाली गेली. फुलं उमलली तेव्हा बायको, सुगंधाबाई, डबा द्यायला आली होती. पिशव्या बघून एवढंच म्हणाली, "बांधून टाकायचं, अन् वर म्हनायचं धरत नाय." बत्तीस वर्षं गाव तिला वांझ म्हणत आलं. तपासणीला तीच चारदा गेली, तिच्यात काही खोट निघाली नाही. मुंजाबा एकदाही नाही.

दुसऱ्या सकाळी त्यानं शेळीच्या केसांचा कुंचला केला आणि शेजारच्या झाडाचे पराग अकरा फुलांना लावले. बाकीची तोवर मिटली होती.

"मॅडम, त्या पिशव्या म्या सोडल्या व्हत्या."

"झाली का तुमची गोष्ट सुरू?" त्या हसल्या.

तो त्यांना झाडापाशी घेऊन गेला. एकोणतीस पिशव्यांना मॅडमची, ओढताच सुटणारी फुलगाठ होती. अकरांना मेंढपाळाची, कोकरू दाव्याला बांधतात ती. मॅडमनी एक गाठ ओढून पाहिली. सुटली नाही. वही मिटून त्या आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी सुगंधाबाई भाकरी थापत होती. तो चुलीपाशी उकिडवा बसला.

"उद्या दवाखान्यात जाऊ. माझी तपासनी करायची."

"आता कशापायी?"

"गावाला सांगाया."

ती तव्याकडं बघत राहिली. तिची भाकरी कधी करपत नाही, असं मुंजाबा जगाला सांगे. त्याच्या सगळ्या गोष्टींत तेवढीच खरी होती. त्या संध्याकाळी ती करपली. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.