कबनूरपर्यंत ट्रायल

गुरुपादअण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही धड दिसेना. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, तेव्हा त्यांनी शाहूपुरीतल्या दाराशी उभ्या राजदूत मोटारसायकलला ‘विकणे आहे’ अशी पाटी अडकवली. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी सौंदर्या लग्न करून पुण्याला. घरात बोलायला कुणी नव्हतं.

बघायला येणाऱ्याला एकट्याला गाडी द्यायची नाही, असं सगळे सांगत. म्हणून अण्णा मागं बसत. एकजण रंकाळ्याला फिरवून आणायचा, दुसरा कावळा नाक्यापर्यंत. वारा तोंडावर आला की अण्णांना बरं वाटे. मग परत आल्यावर ते गिऱ्हाईकात काहीतरी खोट काढत.

एका रविवारी सकाळी संघर्ष कांबळे आला. पोस्टात नुकताच लागलेला, अबोल पोरगा.

“लांब चालवल्याबिगर गाडी कळत न्हाय, पावणं,” अण्णा मागं बसत म्हणाले. “इंजिन गरम होऊ द्या की.”

शिरोली नाका गेला. सांगली रस्त्याला संघर्षनं दोनदा विचारलं, “वळवू का काका?”

“अजून थोडं.”

असं थोडं थोडं करत ते कबनूरला पोचले. यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला तसे अण्णा ताठ बसले. “आता डावीकडं. त्या पिंपळापाशी थांबा.”

संघर्षनं गाडी बंद केली. “इथं काय हाय?”

“माझी तंगी. धाकटी बहीण, रत्नव्वा. दिसायचं कमी झाल्यापास्नं येणं झालं न्हाय. एस्टीची पाटी वाचता येत न्हाय मला.”

“म्हंजे ट्रायल न्हवतीच व्हय ही?”

अण्णा गाडीवरून उतरले. ते दाराशी गेले. कुलूप होतं. कडीवर धूळ बसली होती.

शेजारच्या धोंडुबाई बाहेर आल्या. “रत्नव्वा व्हय? ती धारवाडला गेली की पोराकडं. भांडीकुंडीसुद्धा नेली. दिवाळीच्या आधीच.” मग त्यांनी अण्णांना ओळखलं. “अगोबाई! तुम्हाला सांगितलं न्हाय?”

“सांगितलं असंल,” अण्णा म्हणाले. “माझ्याच ध्यानात राहिलं नसंल.”

धोंडुबाईंनी चहाला बोलावलं. ते नको म्हणाले. कुलपाला एकदा हात लावून ते परत गाडीवर बसले.

येताना पंचगंगेच्या पुलावर संघर्षनं गाडी हळू केली. “काका, फसवून नेलासा. आदी सांगितलं असतं, तरी आलो असतो.”

“अनोळखी माणसाला कसं सांगायचं, बहिणीकडं न्या म्हणून?”

संघर्षनं गाडीचा वेग वाढवला. दारात उतरल्यावर त्यानं गाडी घेतो म्हणून सांगितलं. अण्णांना या वेळी खोट काढता आली नाही.

पुढच्या रविवारी व्यवहार पुरा झाला. संघर्षनं किक मारली. “धारवाडची एस्टी गावत नसली तर सांगा. बसवून देतो.”

“तिनं बोलवू दे आदी,” अण्णा म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, “कोपऱ्यापर्यंत येऊ का?”

संघर्ष पुढं सरकला. अण्णा त्याच्या खांद्याचा आधार घेऊन मागं बसले. कोपरा आला तेव्हा ते आपणच उतरले आणि गाडीचा आवाज रहदारीत मिसळेपर्यंत तिथंच उभे राहिले. मग भिंतीला हात लावत, उन्हातून, सावकाश घराकडं निघाले.