अमरावतीचं स्थळ

"पोट्टी काही येनार नाही, बाई. तुमी आपला कागद घेऊन वापस जा."

पुंजाजीनं कपाशीच्या ओळीतून मान वर न करता हे सांगितलं अन् हातातला कापूस कमरेच्या ओट्यात कोंबला. शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, तारा मॅडम उभी. अवकाळीनं काळी माती अशी फुगली होती, की मॅडमच्या एकेका चपलेला दोन-दोन किलो चिखल. हिवरखेडच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. वरून हुकूम आला म्हणून 'विद्यापीठाच्या वाटेवर' या कार्यक्रमाची समन्वयकही झाली होती. समन्वयक म्हणजे काय, तर बारावीच्या पोरापोरींना अमरावतीचं विद्यापीठ दाखवायचं, बॅनर धरून फोटो काढायचा अन् तो वर पाठवायचा. पोरं पुढं शिकतात की खड्ड्यात जातात, हे विचारायला वर कोणी बसलेलं नाही. नुसता फोटो काढून हात झटकणं मॅडमला जमेना. मुळात तिचं डोकंच लवकर तापायचं.

"काहून नाही येनार?" शेतात आली की मॅडमची पुस्तकी मराठी धुऱ्यावरच थांबायची. "वर्गात पहिली हाये अवनी. पाच वर्षांचा कोर्स हाये, राह्यले होस्टेल हाये. या महिन्यात फॉर्म नाही भरला तं वर्ष गेलं."

"जाऊ द्या ना वर्ष. अकोल्याच्या जठारपेठेतलं स्थळ आलं हाये तिले. पोराचं मोबाइलचं दुकान हाये."

"सतराची हाये पोरगी! जेलात जासान, भाऊ."

"लगन कुठी करून राह्यलो? पाहूनच तं राह्यलो!" पुंजाजी आता मात्र सरळ उभा झाला. "अन् तुमचं ते अमरावतीचं. न पाह्यल्या जागी पोट्टी कशी धाडू? पोट्टी द्याची तं घर पाहा लागते, विहीर पाहा लागते, मानसं पाहा लागते. बैल घेतानाबी आमी दात पाह्यतो, बाई!"

मॅडमच्या तोंडाशी एक सणसणीत उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. डोळे तेवढे चमकले.

"मंग पाहा ना घर," ती म्हणाली. "नाही कोन म्हनलं? रविवारी चाला."

पलीकडच्या ओळीत वेचणाऱ्या अवनीनं हसू दाबायला ओढणी तोंडात कोंबली.

हेडमास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, परिपत्रकात विद्यार्थ्यांची भेट लिहिलेली आहे. तुम्ही बाप कुठून आणले?"

"परिपत्रकाला बाप नसतो, सर. पोरींना असतो."

रविवारी हुसेनभाईच्या जीपमध्ये सात बाप बसले. हुसेनभाईची पोरगी अरीबा अवनीच्याच वर्गात, म्हणून आठवा बाप स्टिअरिंगवर. पुंजाजीनं धुतलेली टोपी घातली होती. त्याची बायको पार्बताबाई न बोलावता मधल्या सीटवर येऊन बसली.

"तू कुठी निंगाली वं?"

"सोयरीक का बाप्यायनं पाह्यची असते? बाप्ये चहा पेते अन् हो म्हनते."

अमरावतीत एका प्राध्यापकांनी या वऱ्हाडाला आधी मोठी इमारत दाखवली, मग प्रयोगशाळा दाखवली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पार्बताबाईनं होस्टेल गाठलं, संडासाच्या साऱ्या कड्या लावून-काढून पाहिल्या अन् नळ सोडून धार मोजली. हुसेनभाईनं वॉर्डनबाईंना अदबीनं विचारलं, "बच्ची रात को बीमार पडी तो दवाखाने कौन ले जाएगा, मॅडमजी? नाम बताओ, और फोन नंबर बी."

अन् पुंजाजी गायब.

तो सापडला मेसच्या मागच्या दारी, उष्ट्याच्या बादलीत वाकून.

"काय करून राह्यले, भाऊ?" मॅडम धावत आली.

"घर पाहून राह्यलो. समोरच्या दारी सारेच रांगोया काढते, घराची असलियत मागच्या दारी समजते." बादली त्यानं काठीनं ढवळली. "पोया फेकल्या नाहीत. म्हंजे पोट्ट्या पोटभर खाते." मग आत जाऊन त्यानं वरणही चाखलं अन् तिथं येऊन पोचलेल्या बायकोकडं बोट केलं. "हिच्यापेक्षा बरं हाये."

"मंग राहा इथंच!" पार्बताबाई कडाडली.

शेवटी सगळे प्राध्यापकांच्या समोर खुर्च्यांवर बसले. चहा आला. पुंजाजीनं टोपी नीट केली, घसा खाकरला अन् सोयरीक जमवावी तसे हात जोडले.

"साहेब, घर पसंत हाये आमाले. पोट्टी देतो. बोला, कधी आनून सोडू?"

प्राध्यापक हसले. "काका, तसं नसतं. आधी प्रवेश परीक्षा. चाळीस जागा आहेत, अर्ज येतात साडेतीन हजार. निवड आम्ही करतो."

पुंजाजीचा कप ओठापाशीच थांबला. "म्हंजे? तुमी माह्या पोट्टीले नाही म्हनू शकता?"

"गुण कमी पडले तर म्हणावंच लागेल."

परतताना जीपनं अंजनगाव ओलांडलं. अन् पुंजाजी एकदम फुटला.

"हे कोन होते वं, नाही म्हननारे? आमच्या घरानं आजवर कोनाचा नकार नाही घेतला! सात पिढ्याइत नाही!"

मॅडमनं खिडकीबाहेर पाहत हळूच काडी टाकली. "नाहीच म्हनतीन, भाऊ. पोट्टी दिवसभर वेचनीले. अभ्यास करन कधी? बाकी साडेतीन हजार काय कापूस वेचून राह्यल्या?"

"तुमी चूप बसा, बाई!" पुंजाजी गरजला. हुसेनभाईनं हसू लपवायला उगाच हॉर्न वाजवला.

आठ दिवसांनी मॅडम पुन्हा धुऱ्यावर आली. फोटोत एकही विद्यार्थी नाही, नुसते टोपीवाले कसे, म्हणून वरून खुलासा मागणारं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. वावरात पुंजाजी अन् पार्बताबाई दोघंच वाकले होते. अवनी निंबाच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली होती. डोळे सुजलेले.

"म्याडम, वेचनीच बरी होती," ती कुजबुजली. "बाबा पाहाटे चारले उठवते. घास तोंडात असला तरी इचारते, झालं काय पाठ? त्याइले वाचता येत नाही, तं पुस्तक उलटं धरून धडा घेते माहा!"

"गोष्टी काहून करून राह्यली?" ओळीतून आवाज आला. "वाच! नाक कापशीन माहं!"

पुंजाजी ओटा सावरत धुऱ्यावर आला अन् त्यानं खिशातून फॉर्म काढला. खाली त्याचा अंगठा, निळा, ठसठशीत.

"अन् जठारपेठवाले?" मॅडमनं विचारलं.

"त्याइले सांगून देल्लं, थांबा म्हनून. पोट्टीचं मोठ्या घरी बोलनं चालू हाये." मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं अन् आवाज खाली आणला. "बाई, अकोल्यालेबी एक विद्यापीठ हाये म्हनते. येत्या रविवारी तेबी घर पाहून येऊ. हुसेनभाईले सांगतलं मी. एकाच दारी उभं राह्यलं तं लोकं भाव खाते. समजू द्या ना त्या अमरावतीवाल्याइले, आमच्या पोट्टीले स्थळं भल्ली हायेत!"